भाता नसलेली पेटी

पेटी कुणाला येते, असं संगीताच्या सरांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला, पण खांद्यापर्यंतच. पूर्ण वर केला असता तर ते खोटं झालं असतं. अजिबात केला नसता तर तेही खोटंच झालं असतं, कारण मला पेटी येत होती. फक्त अर्धी येत होती.

सोलापूरला कॉलेजचं माझं ते दुसरं वर्ष. युवक महोत्सवासाठी समूहगीत बसवायचं होतं. गाणं सरांनीच बांधलेलं, पेरणीचं. सहा गाणाऱ्या मुली, एक ढोलकी, आणि सुरांच्या साथीला काहीतरी. ते काहीतरी त्या वर्षी पेटी असणार नव्हतं. परदेशी स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थिनीने जाताना आपल्या मुलीचा डिजिटल पियानो कॉलेजला देऊन टाकला होता. तो संगीताच्या खोलीत चादर पांघरून पडून होता आणि त्याला कुणी हात लावत नाही याचं सरांना वाईट वाटायचं. त्यांनी माझा अर्धा वर झालेला हात पाहिला आणि म्हणाले, पेटी येते ना, मग हाही येईल, पट्ट्या त्याच आहेत.

पट्ट्या त्याच होत्या हे खरं. पांढऱ्या, काळ्या, त्याच क्रमाने. मी मान डोलावली. अर्ध्याचं सांगायचं राहून गेलं.

ते आता सांगते. मैंदर्गीत आमची पिठाची गिरणी आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, पूर्वी मठात सोमवारच्या भजनाला पेटी वाजवायचे. मला कळायला लागायच्या आधी गिरणीच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मग पेटी बरीच वर्षं बंद होती. मी तिसरीत असताना एका संध्याकाळी त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः पलीकडच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून बसले. "सूर तू दाब, हवा मी देतो," म्हणाले. पेटीचा भाता वाजवणाऱ्याच्या पलीकडेच असतो, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला तो सहज मारता येतो. त्यांचा डावा हात भात्यावर, माझा उजवा हात पट्ट्यांवर. अशी आमची एक पेटी दोघांत चालायची. मठातले लोक सुरुवातीला हसले. एका पेटीला दोन ड्रायव्हर, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते नाव काही दिवस चिकटलं. मग सवय झाली. भजनं बहुतेक कन्नड, अधूनमधून मराठी. मी पट्ट्यांकडे बघायचे, अप्पा गाणाऱ्यांकडे.

त्यामुळे मी भाता कधी मारलाच नाही. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, ती एकतर उघडी असते नाहीतर बंद. आवाज लहान-मोठा होतो तो हवेने. आणि आमच्याकडची सगळी हवा अप्पांची होती. मला वाटायचं, आवाज लहान-मोठा होतो तो आपोआपच.

पियानोवर बसल्याबरोबर कळलं की आपोआप काहीच होत नाही. मी सा दाबला तर तो ठणकन वाजला. रे ऐकूच आला नाही. ग मध्येच ओरडला. अंगठा पडला की दणका, अनामिका पडली की कुजबुज. चाल अगदी बरोबर होती, पण ऐकणाऱ्याला ती चाल वाटत नव्हती. ढोलकीवाला मुलगा सोलापूरचाच, घरी टॉवेलचे माग असलेला, त्या खडखडाटात वाढल्यामुळे की काय पण नेहमी मोठ्याने बोलणारा. तो म्हणाला, "मैंदर्गी, गाणं वाजवतीस का जिना उतरतीस?"

आमच्या हॉस्टेलात मुलींना गावाच्या नावाने हाक मारतात आणि ती पद्धत हॉस्टेलबाहेरही पोचलेली होती. सगळे हसले. मीही हसले. डावा हात तर आणखी गमतीदार. सरांनी त्याला खालचा सा धरून ठेवायचं सोपं काम दिलं होतं, पण मध्येच तो उचलला जायचा आणि हवेत पुढेमागे व्हायचा. समोर कुणीतरी भाता मारत असल्यासारखा. माझा हात अप्पांचं काम करायला निघाला होता, आणि ते काम तिथं नव्हतंच.

त्यावर उपाय ढोलकीवाल्यानेच दाखवला. त्याचा चुलतभाऊ एका बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. अशा यंत्रांत आत बरंच काही लपवलेलं असतं, असं त्याने सांगितलं. आमच्या पियानोला आत काय चालू आहे ते दाखवणारा पडदा नव्हता. एक बटण दाबून धरायचं आणि डावीकडच्या शेवटच्या पट्ट्यांपैकी एखादी दाबायची, की काहीतरी बदलतं, पण काय बदललं ते वाजवूनच कळतं. आम्ही एकेक दाबून पाहिली. एकीने टकटक ठोका सुरू झाला आणि बंद कसा करायचा ते कळेना. दुसरीने सगळे सूर एका पट्टीने वर सरकले आणि गाणाऱ्या मुली किंचाळल्या. आणखी एक दाबल्यावर मी सा वाजवला, रे वाजवला, अंगठ्याने वाजवलं, करंगळीने वाजवलं. सगळे सूर सारखे. हळू दाबलं तरी तेवढेच, आपटलं तरी तेवढेच.

मला माझी पेटी सापडली. इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मी गाणं न थांबता पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. त्यानंतर रोज खोलीत गेल्यावर पहिलं काम तेच: पियानो सुरू करायचा, बटण धरायचं, ती पट्टी दाबायची. बंद केल्यावर तो सगळं विसरायचा, म्हणून रोज करावं लागायचं. सर यायच्या आत ते होऊन गेलेलं असायचं.

माझ्या बोटांना धीर आला. चाल पक्की झाली. मला वाटलं, जमलं.

अडचण दुसरीकडे सुरू झाली. गाण्याच्या पहिल्या दोन ओळी करमाळ्याच्या मुलीने एकटीने गायच्या होत्या. ढोलकी नाही, कोरस नाही, फक्त ती आणि पियानो. तिचा आवाज बारीक आहे, पण पातळ नाही. ती हळू गाते तेव्हा ऐकणारा आपोआप पुढे वाकतो. सरांनी त्या दोन ओळी तिच्यासाठीच बांधल्या होत्या. आणि माझे सारख्या उंचीचे सूर तिच्या आवाजाच्या पुढे उभे राहत होते. सरांनी पियानोचा आवाज कमी करायला लावला. मग कोरसला सहा मुली आणि ढोलकी सुरू झाली की पियानो आहे की नाही तेच कळेना. पुन्हा वाढवला. करमाळा मोठ्याने गायला लागली. मोठ्याने गायली की ती कुणीही गाणारी मुलगी वाटायची. संध्याकाळी मेसमध्ये ती कोमट पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर बसली आणि घसा चोळत म्हणाली, "तू माझ्या अंगावर येतीस गं. मी कुटं सरकू ते तरी सांग."

ती भांडत नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हणाले, मी तर सगळं बरोबर वाजवते. ती म्हणाली, व्हय, बरोबरच वाजवतीस.

महोत्सवाच्या आधी कॉलेजात चाचणी असते. प्राचार्य आणि दोन प्राध्यापक समोर बसतात. आम्ही सुरुवात केली, दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचलो आणि वीज गेली. पंखे थांबले, पियानो थांबला, ढोलकी दोन ठोके पुढे जाऊन थांबली. थोड्या वेळाने वीज आली. प्राचार्य म्हणाले, पहिल्यापासून घ्या. मी पियानोचं बटण दाबलं, दिवा लागला, आणि सगळे माझ्याकडे बघत आहेत या घाईत ते दुसरं बटण आणि ती पट्टी माझ्या डोक्यातून निघून गेली.

पहिला सूर चापट मारल्यासारखा वाजला. दुसरा वाजलाच नाही. करमाळा त्या दुसऱ्या सुरावर सूर धरून आत यायची, ती आत आलीच नाही. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा जिना. प्राचार्यांनी शेजारच्या प्राध्यापकांकडे पाहिलं.

नंतर सरांनी मला खोलीत थांबवलं. मी सगळं सांगितलं: ती पट्टी, सारखे सूर, आणि अप्पांचा भाता. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या अर्ध्या पेटीबद्दल कुणाशीतरी पूर्ण बोलले. सर रागावले नाहीत. तरीच, म्हणाले, तरीच मला वाटायचं की सूर खरे आहेत आणि गाणं मात्र झोपलंय. मग त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं. कॉमर्सचा एक मुलगा पेटी चांगली वाजवतो. आठवड्याने पुन्हा बसू. तोवर जुळलं नाही तर त्याला पेटीवर बसवू आणि पियानो राहू देऊ. "राग मानू नको," म्हणाले, "त्या दोन ओळी मला हव्यात."

मला राग आला नाही. पण मला वाजवायचं होतं. हे लिहायला सोपं आहे, तेव्हा स्वतःशी म्हणायला जड गेलं होतं. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिली. इथं प्रत्येक गोष्टीत मला वाटायचं की आपण इथं असावं की नसावं हे कुणीतरी दुसरंच ठरवणार. या एका खोलीत तसं वाटत नव्हतं. शिवाय दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अप्पांनी सांगून ठेवलं होतं की पोरगी सोलापुरात मोठ्या पेटीवर बसते.

त्या रात्री मी त्या पियानोचं माहितीपत्रक फोनवर शोधून वाचलं. इंग्रजीत होतं. माझा विषय भौतिकशास्त्र, त्यामुळे इंग्रजी अडलं तरी आकृती कळली. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात, एक वर, एक खाली. पट्टी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचते तेवढंच यंत्र मोजतं. जोर मोजत नाही, वेग मोजतं. पट्टी तळाला टेकली की निकाल लागलेला असतो. त्यानंतर कितीही दाबून धरा, आवाज वाढत नाही. आणि त्या वेगाचा किती आवाज करायचा याच्या चार रीती होत्या: हलकी, मध्यम, जड, आणि स्थिर. हलक्या रीतीत थोड्या वेगालाही मोठा आवाज. जड रीतीत मोठ्या आवाजासाठी बोट खरोखर वेगाने जायला हवं, म्हणजे हळू सुरांना जागा जास्त. स्थिर म्हणजे वेगाकडे बघायचंच नाही. मी इतके दिवस यंत्राला सांगत होते की माझ्याकडे बघू नकोस.

सोमवारी सुट्टी होती, म्हणून मी रविवारीच अक्कलकोटमार्गे घरी गेले. सोमवारी मठात जायच्या आधी गिरणी बंद करून अप्पा हात धूत होते, तेव्हा मी विचारलं की भाता कधी जोरात मारायचा आणि कधी हळू, हे तुम्हाला कसं कळतं. ते हसले. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. त्यांनी पेटी काढली आणि मला भात्याच्या बाजूला बसवलं. स्वतः पट्ट्यांच्या बाजूला बसले आणि डाव्या हाताने, अडखळत, भजनाची एक ओळ काढायला लागले. मी भाता मारला. बोट पडलं की मारायचे, बोट उचललं की थांबायचे. पेटीला दमा झाल्यासारखा आवाज आला. अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

"पट्टीसंगट मारू नको," अप्पा म्हणाले. "आधी मार. हवा आधी पायजे, सूर मागनं येतो."

मी विचारलं, आधी किती? ते मला ठाऊक नाही म्हणाले. "मी पट्टीकडं बघतच न्हाय. गाणाऱ्याची छाती बघतो. त्यो दम घेतोय की न्हाय, लई घेतोय का थोडा घेतोय, तेवढंच."

मी पुन्हा मारून पाहिलं. या वेळी त्यांच्या बोटांकडे बघितलं नाही, ते ओळ गुणगुणत होते म्हणून त्यांच्या गळ्याकडे बघितलं. थोडं बरं झालं. फार नाही. पण हाताला काहीतरी कळलं जे मला आधी माहीत नव्हतं: सूर किती मोठा होणार हे तो वाजायच्या आधीच ठरवावं लागतं.

बसमध्ये परत येताना मी त्याचाच विचार करत होते. अप्पांचं सगळंच पियानोला लागू पडत नव्हतं, हेही मला दिसत होतं. पेटीवर सूर धरून मागून हवा वाढवता येते, चुकलं तर सावरता येतं. पियानोवर सावरायला काही उरत नाही. म्हणजे 'आधी' हे पेटीवर जितकं खरं, त्याहून पियानोवर जास्त. आणि गाणाऱ्याची छाती बघायची तर ती दिसायला हवी. खोलीत पियानो भिंतीला लावलेला होता. मी भिंतीकडे तोंड करून वाजवायचे आणि करमाळा माझ्या पाठीमागे गायची. इतके दिवस मी तिला पाहिलंच नव्हतं.

मंगळवारी पियानो फिरवायचा, असं मी सांगितलं. तो उचलायला चौघं लागतात. ढोलकीवाला म्हणाला, "काय करलालीस बे, वास्तुशास्त्र?" पण त्याने एक बाजू उचलली. करमाळ्याला मी पियानोच्या पलीकडे, माझ्याकडे तोंड करून उभं केलं. अप्पा बसतात तिथं.

मग स्थिर रीत सोडून दिली. तिन्ही रीतींत मी एकच पट्टी वाजवून पाहिली. इतकी हळू दाबायची की ती तळाला जाऊनही वाजू नये. मग त्याहून किंचित लवकर, की नुसती जाग यावी. मग किंचित आणखी. हलक्या रीतीत जाग आणि ओरडणं यांच्यामध्ये मला काही सापडेचना. मध्यममध्ये सापडलं, पण माझं बोट पेटीच्या सवयीचं, सपाट आणि झटक्यात पडणारं, ते पुन्हा पुन्हा पुढे निघून जायचं. जड रीतीत जागा मिळाली. हळू सुरांची एक अख्खी खोलीच उघडली असं वाटलं. कोरसला मोठा आवाज काढताना बोटं दमायची, पण ते दमणं मला चालणार होतं. मी जड रीत निवडली. ती मी कानाने आणि बोटांनी निवडली, कुणाला विचारलं नाही.

करमाळा दम घ्यायची, मी तिच्या खांद्यांकडे बघायचे आणि तिचा दम मोठा आहे की छोटा त्यावर बोट किती वेगाने सोडायचं ते आधी ठरवायचे. पहिले दोन दिवस मी उशीरच करत होते. बघेपर्यंत ती गायलेली असायची. ती वैतागून एकदा म्हणाली की तू माझ्याकडे अशी टक लावून बघतीस की मला वाटतं माझ्या ओढणीवर पाल बसलीय. तिसऱ्या दिवशी एक क्षण आला, तिने अगदी थोडा दम घेतला आणि माझा पहिला सूर तिच्याइतकाच हळू, तिच्या खालून आला. दोघींनाही कळलं. ती गायची थांबली नाही. ढोलकीवाला ढोलकीवर हनुवटी टेकून बसला होता, तो सरळ होऊन बसला.

राहिली विजेची गोष्ट. वीज जाणार नाही याची खात्री कोण देणार, म्हणून पियानो सुरू करून बटण धरून जड रीतीची पट्टी दाबायची, ही कृती मी डोळे मिटून पाठ केली. पण शेवटच्या पट्ट्या सगळ्या सारख्या दिसतात, आणि घाईत शेजारची दाबली तर टकटक ठोका सुरू होणार. करमाळ्याने कपाळावरची टिकली काढली आणि त्या पट्टीवर चिकटवली. लाल, बारीक. "आता आंधळ्यालाबी घावंल," म्हणाली.

आठवड्याने सरांनी ऐकलं. कॉमर्सचा मुलगा पेटी घेऊन दारात बसला होता, तो सभ्य होता, त्याने मला नमस्कार केला. सरांनी पियानो आडवा का ठेवला म्हणून विचारलं, मी कारण सांगितलं, ते ठीक आहे म्हणाले. मी पियानो स्वतःहून एकदा बंद केला, पुन्हा सुरू केला, बटण धरलं, टिकलीची पट्टी दाबली. सर बघत होते. मग एक सूर हळू वाजवून पाहिला, जाग आहे का ते. होती.

करमाळ्याने दम घेतला.

त्या दोन ओळी संपल्यावर ढोलकी आली, बाकीच्या पाच जणी आल्या, मी बोटं वेगाने टाकायला सुरुवात केली आणि पियानो त्या गर्दीत हरवला नाही. गाणं संपल्यावर सर दाराकडे वळले आणि पेटी आणलेल्या मुलाला म्हणाले, बाळ, तुला नाट्यगीताला घेतो. मग त्यांनी गाण्याच्या कागदावर साथीदारांत माझं नाव लिहिलं, शाईने, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

महोत्सव दुसऱ्या कॉलेजच्या सभागृहात होता, आमचा पियानो टेम्पोतून तिथं नेला होता. अप्पा सकाळच्या एसटीने आले. धुतलेला पांढरा शर्ट, टोपी, पण भुवयांच्या केसांत थोडं पीठ राहिलेलंच. ते मागच्या रांगेत बसले. आमची पाळी आली तेव्हा रंगमंचावरच्या माणसाने पियानोची वायर एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे लावली. दिवा विझला आणि पुन्हा लागला. विंगेत हात जोडून उभ्या असलेल्या सरांच्या चेहऱ्यावर मला ती चाचणी दिसली. माझ्या मनात ती आली नाही. मी बटण धरलं, टिकली शोधली, दाबली, एक सूर ऐकला. करमाळा समोर होती. बाकी सभागृह बाजूला कुठंतरी होतं.

मी चांगलं वाजवलं. हे मला म्हणता येतं, कारण मला ऐकू येत होतं. दुसऱ्या कडव्यात एक सूर जास्त वेगाने गेला, तो परत घेता आला नाही, पुढचा मी जपून टाकला. आमचा दुसरा नंबर आला.

सगळं आवरत असताना अप्पा रंगमंचावर आले. त्यांनी पियानोभोवती एक फेरी मारली, मागची बाजू हाताने चाचपून पाहिली, आणि मग पुढे येऊन डाव्या हाताच्या बोटाने एक पट्टी दाबली. इतकी हळू दाबली की ती वाजलीच नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, थोडी लवकर. त्यांनी पुन्हा दाबली. सूर आला. ते पट्टी धरून उभे राहिले आणि सूर हळूहळू कमी होत गेला, तसे त्यांनी पट्टी आणखी दाबली, आणखी, जणू आता मागून हवा येईल. ती आली नाही. सूर संपला.

"ह्याला मागनं काय देता येत न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, अप्पा. जे द्यायचं ते आधीच."

त्यांनी मान हलवली. मग दोन बोटं नसलेला उजवा हात आपसूक वर आणला आणि उरलेल्या बोटांनी सा, ग, प असे तीन सूर वाजवले. अंगठ्याचा सा मोठा आला, बाकीचे दोन अगदी बारीक. ते पेटीवर कधीच कळलं नसतं. त्यांनी ते ऐकलं आणि पुन्हा वाजवले, अंगठा या वेळी सावकाश टाकून. तिन्ही जवळजवळ सारखे आले.

मग त्यांनी मला खुर्चीवर बसायला खुणावलं आणि स्वतः पलीकडे जाऊन माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. सोमवारच्या भजनाची ओळ काढ, म्हणाले. भाता नव्हता, त्यामुळे डाव्या हाताचं काय करायचं ते त्यांना समजेना. त्यांनी तो पियानोच्या कडेवर ठेवला आणि गाण्यासाठी दम घेतला. मी त्यांच्या छातीकडे बघत होते. मोठा दम होता.